बाराव्या मिनिटाचं सील

जी खोली शोधण्यात सीलसाहेबांचे तीन मंगळवार गेले, ती त्यांनी आत शिरल्यापासून बाराव्या मिनिटाला स्वतःच्या तोंडाने रिकामी करायला लावली आणि स्वतःच्या हाताने सील केली. दाराला लाल पट्टी चिकटवली, पट्टीवर सही ठोकली आणि सहीखाली तारीख टाकली.

पण हे झालंच नाही, असं आपण धरून चालू. कारण त्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरत होती. तिथे कुणाला नाव नसतं, आणि ज्याला नावच नाही त्याने काही केलं असं कागदावर दाखवता येत नाही. तेव्हा न घडलेली ही गोष्ट आता पहिल्यापासून सांगतो.

सीलसाहेब अग्निसुरक्षा तपासनीस होते. इमारतीत शिरायचं, वर बघायचं, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, आग लागली तर माणसं कुठून पळतील ते पाहायचं आणि पळायची वाट अडलेली दिसली की जागा सील करायची, हे त्यांचं काम. पंधरा वर्षं ते हे काम फार समजूतदारपणे करत आले होते. म्हणजे असं, की वाट अडलेली दिसली की जागेचा मालक वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली पुढे करायचा, आणि मग साहेबांना वाट अडलेली दिसायची बंद व्हायची. बाटली संपली की पुन्हा दिसायला लागायची. मग दुसरी बाटली यायची. या पद्धतीत कुणाचीच तक्रार नव्हती. साहेबांच्या यकृताला कुणी विचारलं नव्हतं.

मग एका शनिवारी ते मुलीला बॅडमिंटनच्या क्लासहून स्कूटरवर घेऊन येत होते. वाटेत स्कूटर रस्त्याच्या दुभाजकावर चढली आणि तिथेच थांबली. कुणाला काही लागलं नाही. तेरा वर्षांची मुलगी शांतपणे खाली उतरली, रॅकेट पाठीला लावली आणि घरापर्यंतचे तीन किलोमीटर चालत गेली. साहेब मागून हळूहळू स्कूटर ढकलत "अगं ऐक ना" म्हणत आले. तिने ऐकलं नाही. घरी येऊन हेल्मेट कपाटावर ठेवलं आणि सांगितलं, की यापुढे बाबाच्या मागे बसणार नाही. रडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. तिने गृहपाठ काढला.

रविवारपासून साहेबांनी दारू बंद केली. बंद केल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. त्यांना सगळं दिसायला लागलं. पहिल्याच दोन दिवसांत त्यांनी तीन जागा सील केल्या. बाटली पुढे करणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सीलसाहेब हे नाव त्याच आठवड्यात पडलं.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या काउंटरवर कुणीतरी ठेवून गेलेली एक चिठ्ठी तिने घरी आणली. तिच्यावर फक्त 'दारू सोडणाऱ्यांची मीटिंग' एवढंच आणि एक फोन नंबर होता. चिठ्ठी टेबलावर ठेवून ती म्हणाली, की मला काही बोलायचं नाही. त्यानंतर ती पाऊण तास बोलली. शेवटी मुलीने वहीतून मान वर केली.

"एक मीटिंग," ती म्हणाली. "पूर्ण. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एक तास. मग मी मागे बसायचं का ते बघू."

साहेबांनी उभ्याउभ्याच फोन लावला. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. त्यांना सगळे काका म्हणतात, एवढंच त्यांनी सांगितलं. मंगळवारी सहा वाजता, जुन्या बँकेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, डान्स क्लासच्या मागची खोली. पाटी नाही. पाटी लावली की लोक येत नाहीत.

"मग लोकांना जागा सापडते कशी?"

"सापडत नाही," काका म्हणाले. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

पहिल्या मंगळवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, सहलीला निघालेल्या पोरासारखे वीस मिनिटं आधीच निघाले. इमारतीच्या फाटकाशी पोचले, सवयीने वर बघितलं, आणि त्याच क्षणी वॉचमनने दोनदा शिट्टी वाजवली. दोन शिट्ट्या म्हणजे तपासनीस आला, हे त्या इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. धडाधड शटर पडायला लागली. जिन्यातली खोकी आत ओढली गेली. कुणीतरी लाल सिलिंडर पुसत पुसत भिंतीवर लटकवला. डान्स क्लासमधली गाणी बंद झाली आणि बायका मागच्या जिन्याने उतरल्या. साहेब तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. एका कुलपाला हात लावून ते परत आले.

रात्री काकांचाच फोन आला.

"आला नाहीत?"

"आलो होतो. कुणीच नव्हतं."

"हो ना. तो सीलवाला आला होता म्हणे. पळापळ झाली. फार खडूस माणूस आहे, असं ऐकतो."

"असेल," साहेब म्हणाले. "माझी ओळख नाही."

मुलीने विचारलं, किती मिनिटं झाली? साहेबांनी सांगितलं, शून्य. तिने मान हलवली आणि हेल्मेट होतं तिथेच राहू दिलं.

दुसऱ्या मंगळवारी साहेब वेष पालटून गेले. मेव्हण्याची टोपी, गॉगल, आणि अंगात फुलाफुलांचा शर्ट. फाटकातून आत शिरले, वॉचमनने बघून न बघितल्यासारखं केलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. दहा पावलं गेले आणि जिन्याशी येताच त्यांची मान आपोआप वर गेली, ओठ पुटपुटायला लागले. एक, दोन, तीन, चार. पायऱ्या मोजणारा माणूस त्या शहरात एकच होता. मागून दोन शिट्ट्या वाजल्या.

त्या रात्री काकांनी फोनवर सांगितलं, की आता जागा बदलावी म्हणतो, या सीलवाल्याने जीव नकोसा केलाय. साहेब कळवळून म्हणाले, की कृपा करून बदलू नका, एक आठवडा द्या, तो परत येणार नाही याची हमी मी देतो. हमी कशाच्या जोरावर, असं काकांनी विचारलं नाही. त्या लोकांची ती रीतच आहे, फार खोलात जात नाहीत.

तिसऱ्या मंगळवारी, म्हणजे सतराव्या दिवशी, मुलगी बरोबर आली. स्कूटरवर नाही. साहेब स्कूटर ढकलत आणि ती शेजारून चालत, असे दोघे आले. ती इमारतीसमोरच्या वह्या-पेनांच्या दुकानाबाहेर बाकावर बसली आणि मनगटावरचं घड्याळ शून्यावर आणलं. तू आत शिरलास की सुरू करते, म्हणाली. तिचा बाबावर विश्वास नव्हता असं नाही. तिचा घड्याळावर जास्त होता.

साहेब सरळ वॉचमनपुढे जाऊन उभे राहिले. वॉचमनने शिट्टी तोंडात घातलीच होती.

"वाजवू नका. मी ड्युटीवर नाही."

"ड्युटीवर नसलेले साहेबच जास्त तपासतात," वॉचमन शिट्टीच्या कडेने बोलला. "मग कशाला आलात?"

पंधरा वर्षांत या प्रश्नाला त्यांनी शंभर उत्तरं दिली होती. त्यातलं एकही आज चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं. मुलीचं बोट घड्याळाच्या बटणावर होतं.

"तिसऱ्या मजल्यावर," ते हळूच म्हणाले. "सहाच्या मीटिंगला."

वॉचमनने शिट्टी तोंडातून काढली, शर्टाला पुसली आणि खिशात टाकली.

"आधी सांगायचं ना, साहेब. दोन मंगळवार उगाच फुंकली. ती माणसं डावीकडच्या जिन्याने जातात."

साहेब डावीकडच्या जिन्याने गेले. एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

खोलीत सात माणसं गोल करून बसली होती. काका पांढऱ्या मिशांचे, पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होते. शेजारी एक दंतवैद्य बाई, त्यांच्या पलीकडे पिठाने भरलेल्या बाह्यांचा बेकरीवाला आणि आणखी चौघं. आठवी खुर्ची रिकामी होती. काका म्हणाले, ती तीन मंगळवार ठेवलीये तुमच्यासाठी. साहेबांना एकदम भरून आलं. सापडलं, हे त्यांच्या डोक्यात घंटेसारखं वाजत होतं. त्यांनी खुर्चीला हात लावून बघितला, ती खरीच आहे ना म्हणून.

काकांनी सांगितलं, इथे नाव विचारत नाही, धंदा विचारत नाही, उपदेश करत नाही. नियम एकच. खरं बोलायचं. दिसलेलं लपवायचं नाही. मग दंतवैद्य बाई बोलल्या, बेकरीवाला बोलला, आणि काकांनी साहेबांकडे बघून मान हलवली.

साहेब उभे राहिले. घरी पाठ करून आले होते. आरशापुढे दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पहिलं वाक्य बरोबर आलं. आज सतरा दिवस झाले, असं. सगळ्यांनी हलकेच टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून साहेबांनी लाजून नजर वर उचलली, आणि ती काकांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. तिथे खोलीचं दुसरं दार होतं. दारापुढे डान्स क्लासचं लोखंडी कपाट होतं. कपाटाला टेकून घडी केलेले पडदे छातीइतके रचलेले होते. पडद्यांखालून एक वायर येत होती. त्या एकाच वायरवर चहाची किटली, पंखा आणि तीन मोबाइल चालले होते. वायर मधोमध तपकिरी झाली होती.

साहेबांनी नजर खाली घेतली. पुढचं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. पुढचं वाक्य आलं ते असं:

"तुमच्या मागचं दार बंद आहे."

"खरंय," काका डोळे मिटून म्हणाले. "प्रत्येकाला तसं वाटतं."

"वाटत नाही. बंद आहे. पुढे कपाट आहे."

"बोला," दंतवैद्य बाई मायेने म्हणाल्या. "काय आहे त्या कपाटात?"

"बाई, कपाटात काहीही असू दे. आग लागली तर आपण आठजण एका दारातून निघणार, आणि ते दार आत उघडतं."

किटली खदखदत होती. बेकरीवाल्याने साहेबांकडे नीट निरखून पाहिलं, मग त्यांच्या काखेतल्या, सवयीने बरोबर आलेल्या सीलच्या खाकी पिशवीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला. मागच्याच आठवड्यात त्याच्या बेकरीला दोन दिवस सील लागलं होतं.

"काका," तो म्हणाला, "हाच तो."

काकांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की अकरा वर्षं ही खोली फुकट मिळते आहे. दुसरी कुणी देत नाही. लोकांना दारू पिणारे भाडेकरू चालतात, सोडणारे चालत नाहीत. तेव्हा आजच्या दिवस, एक तास, तिकडे बघू नका. आमचं नाही तर तुमचं तरी नुकसान करून घेऊ नका.

साहेबांना बाकावरचं घड्याळ डोळ्यांपुढे दिसलं. अजून पन्नासेक मिनिटं गप्प बसलं तर हेल्मेट कपाटावरून खाली येणार होतं. कुणी बाटलीही पुढे केली नव्हती. नुसतं दाराकडे पाठ करून बसायचं होतं.

"काका," ते म्हणाले, "तिकडे न बघता न बघताच मी इथवर आलोय."

मग दंतवैद्य बाई उठल्या, त्यांनी किटलीची पिन काढली आणि आपली पर्स खांद्याला लावली. सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

पुढचं काम फॉर्मचं होतं. सील करायच्या आधी तो भरावा लागतो. जागा वापरणाऱ्याचं पूर्ण नाव, असा पहिला रकाना होता. साहेबांनी पेन उघडून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी आठवण करून दिली, की इथे नाव विचारत नाहीत. साहेबांनी आठवण करून दिली, की रकाना रिकामा ठेवता येत नाही. बऱ्याच चर्चेनंतर तिथे "एक काका व इतर सहा" असं लिहिलं गेलं. शेवटचा रकाना तपासनीसाच्या नावाचा होता. साहेब तिथे अडले, कारण बारा मिनिटांपासून तेही अनामिक होते. मग त्यांनी वरचं खोडून "इतर सात" केलं आणि खाली जमेल तितकी न वाचता येणारी सही केली. लाल पट्टी चिकटवताना डिंकाची बाटली बेकरीवाल्याने धरली. त्याला सवय होती.

खाली मुलीने पाहिलं, की बाबा बाहेर आला आणि त्याच्यामागून सात माणसं डोक्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आली. तिने घड्याळ थांबवलं, किटलीची पिन कधी निघाली ते विचारलं आणि फॉर्मची मिनिटं वजा केली.

"बाबा, बाराच मिनिटं झाली."

"उरलेली अठ्ठेचाळीस खाली करतो. तू चालू करायला तयार राहा."

पण खाली कुठे? जिन्यात बसलं तर जिना अडतो. व्हरांड्यात बसलं तर व्हरांडा अडतो. फुटपाथवर चालणाऱ्यांची वाट. गच्चीला कुलूप होतं, आणि गच्चीला कुलूप हा वेगळाच गुन्हा असल्याने साहेबांनी तिथल्या तिथे त्याचीही नोंद केली. काका म्हणाले, आता तुम्ही जिथे बघाल तिथे आपल्याला बसता येणार नाही, तेव्हा जरा कमी बघा.

इमारतीसमोर रंगवलेला एक मोठा पिवळा चौकोन होता. अग्निशमन गाडीसाठी राखीव, वाहन उभे केल्यास दंड, असं त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. दोन आठवड्यांपासून साहेबांच्या धाकाने तिथे सायकलसुद्धा कुणी लावत नव्हतं. सगळ्या रस्त्यात तेवढीच जागा मोकळी होती. साहेबांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून दोनदा वाचलं.

"खुर्चीला चाकं नसतात, साहेब," वॉचमन मागून म्हणाला. "ती वाहनात येत नाही."

आठ खुर्च्या पिवळ्या चौकोनात मांडल्या गेल्या. बाकावर घड्याळाचं बटण दाबलं गेलं.

अनामिकांची मीटिंग भर रस्त्यात कशी चालवायची, याचा अनुभव कुणालाच नव्हता. एकाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दंतवैद्य बाईंनी दवाखान्यातला मास्क लावला, आणि त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या तीन पेशंटांनी त्यांना लगेच ओळखून नमस्कार केला. शिवाय बसगाड्यांमुळे काही ऐकू येईना. मनातलं हळुवार बोलायची ती मीटिंग, तिथे सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

साहेब पुन्हा उभे राहिले.

"सतरा दिवस झाले," ते म्हणाले.

"किती?" काकांनी कानाला हात लावला.

"सतरा."

समोरचा वह्या-पेनांचा दुकानदारही कान टवकारून ऐकत होता. त्याने टाळी वाजवली, का ते त्यालाही माहीत नव्हतं. साहेबांनी आवाज चढवला. पाठ केलेलं काही आठवेना, म्हणून जे होतं ते ओरडत गेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या. न दिसलेली दारं. मग दुभाजक. त्या शनिवारी मुलगी उतरून चालायला लागली तेव्हा मला राग आला होता, असं त्यांनी सगळ्या रस्त्याला सांगितलं. स्वतःचा नाही, तिचा. घरी येईपर्यंत मी तिचाच राग करत होतो. घरी आल्यावर कपाटावरचं हेल्मेट बघितलं, तेव्हा माणूस बदलला. ज्याच्यावर रागवायचं तो.

नेमकी तेव्हाच बस गेलेली होती आणि दुसरी आलेली नव्हती. शेवटचं वाक्य समोरच्या बाकापर्यंत अगदी स्वच्छ पोचलं. बाकावर मुलगी घड्याळाकडे बघत नव्हती.

इतक्यात चौकोनाच्या कडेला एक बॅगवाला गृहस्थ येऊन थबकला. खुर्च्यांकडे बघून त्याने दबक्या आवाजात विचारलं, की ही ती मंगळवारची मीटिंग का. काका म्हणाले, हो. तो मटकन चौकोनातच बसला. महिनाभर याच इमारतीच्या पायऱ्या झिजवतोय, म्हणाला, पाटी नाही, गेले दोन मंगळवार तर शिट्ट्या वाजतात आणि सगळे पळतात. पंधरा मिनिटांनी आणखी एक आला. तोही तेच म्हणाला. अकरा वर्षांत एका दिवशी दोन नवी माणसं आल्याचं काकांना आठवत नव्हतं. त्यांनी मिशा पुसल्या आणि वॉचमनला आणखी दोन खुर्च्या मागितल्या. वॉचमनने आपली स्वतःचीही दिली, आणि उभा राहून कंटाळला तेव्हा कोपऱ्यात येऊन बसला. शिट्टी त्याने आधीच खिशात टाकली होती.

अठ्ठेचाळीस मिनिटं संपली तेव्हा मुलगी रस्ता ओलांडून आली. आधी स्कूटरपाशी गेली. पुढचा ब्रेक दाबून पाहिला, मागचा दाबून पाहिला, दिवा लावून विझवला, टायरला बोट टेकवलं. मग बाबापाशी आली आणि म्हणाली, तोंड उघड. साहेबांनी उघडलं. तिने वास घेतला. डोक्यावर खुर्ची धरून काका थांबले. दहाही माणसं निकालासाठी थांबली होती.

"चहाचा येतोय," ती म्हणाली. मग पाठीवरची पिशवी उघडली. आत हेल्मेट होतं. ती घरून निघतानाच घेऊन निघाली होती.

साहेबांनी स्कूटर इतकी हळू चालवली, की बेकरीवाला चालत त्यांच्या पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर एक अर्ज आला. अक्षर वळणदार होतं, पानाच्या कोपऱ्यात जरासं पीठ लागलेलं होतं. साहेबांनी तो तीनदा वाचला. अर्जदाराचं नाव नसल्याने तो स्वीकारता येत नव्हता, आणि मजकूर असा असल्याने तो फेकवतही नव्हता. अखेर त्यांनी त्याला आवक क्रमांक दिला आणि काचेखाली ठेवला. तो अजून तिथेच आहे.

"प्रति, अग्निसुरक्षा तपासनीस. विषय: जुन्या बँकेची इमारत, तिसऱ्या मजल्यावरील सील. महोदय, आम्ही खाली न-सही करणारे, एक काका व इतर दहा, आपणांस कळवू इच्छितो की सदर सील काढण्याची आमची मागणी नाही. उलट ते कायम ठेवावे, कारण वरच्या खोलीत आम्ही कुणालाच सापडत नव्हतो आणि पिवळ्या चौकोनात सर्वांना सापडतो. तथापि सदर चौकोन अग्निशमन गाडीसाठी राखीव असल्याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. सबब, दर मंगळवारी सायंकाळी सहा ते सात या वेळेत सदर इमारतीत आग लागू नये, लागायचीच झाल्यास ती सात वाजून पाच मिनिटांनी लागावी, खुर्च्या उचलायला तेवढा वेळ लागतो, अशी आगीसह सर्व संबंधितांना आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी, ही नम्र विनंती."